थरथरते, डोलते की लचकते?

मिलिंदने खोका माझ्या टेबलावर ठेवला, त्यावर हेल्मेट ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, हा आजच्या आज बसवून द्या. शनिवारी गाडी बाहेर काढून बघतो. फरक पडला तर ठीक. नाही पडला तर रविवारी गिऱ्हाईक येतंय, देऊन टाकतो."

खोक्यात स्टीअरिंग डॅम्पर होता. ऑफिसच्या दाराला वर एक पंप लावलेला असतो, दार धाडकन आपटू नये म्हणून. स्टीअरिंग डॅम्पर हा त्याचा धाकटा भाऊ. हॅण्डल फार जोरात हलायला लागलं की तो हलण्याला आवर घालतो. वस्तू चांगली होती, महाग होती आणि ऑनलाइन मागवलेली होती. गॅरेजवाल्याला न विचारता मागवलेली वस्तू गॅरेजवाल्यानेच बसवायची असते, हा आता रिवाजच झाला आहे.

"गाडीला होतंय काय?" मी विचारलं.

"वॉबल होतंय."

"म्हणजे काय होतंय?"

"वॉबल, मॅडम. यूट्यूबवर एवढे व्हिडिओ आहेत."

"यूट्यूबच्या गाडीचं नाही विचारत मी. तुझ्या गाडीचं विचारते. थरथरते, डोलते की लचकते?"

हा माणूस भोईवाड्याच्या कोर्टात स्टेनो आहे. साक्षीदार काय बोलला ते शब्द न् शब्द टाइप करणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. पण स्वतःच्या गाडीची साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा त्याच्याकडे एकच शब्द होता आणि तोही उसना.

परळला एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझा गाळा आहे. आम्ही मोटारसायकलींचं फक्त सस्पेन्शन आणि चासीचं काम करतो. इंजिन, पेंट, सायलेन्सरचे आवाज वगैरे नाही. त्याआधी मी बरीच वर्षं एका गाड्यांच्या कंपनीत टेस्टिंगला होते. तिथे मशीन होती, सेन्सर होते, आलेख निघायचे. इथे गाळ्यात तेवढं काही परवडत नाही, म्हणून मी माणसांचे शब्द वापरते. थरथरणं म्हणजे हॅण्डलमध्ये बारीक, जलद कापरं भरणं. ते बहुतेक वेळा पुढच्या चाकाचं किंवा स्टीअरिंगच्या बेअरिंगचं दुखणं असतं. डोलणं म्हणजे सरळ रस्त्यावर अख्खी गाडी होडीसारखी सावकाश इकडून तिकडे जाणं. तिथे मी आधी टायरची हवा आणि मागचं सामान बघते. लचकणं म्हणजे वळणावर गाडी मध्येच कंबरेत मोडल्यासारखी होणं. तीन दुखणी, तीन औषधं. आणि 'वॉबल' म्हटलं की तिन्ही एका पोत्यात जातात. म्हणून माझ्या गॅरेजमध्ये मी तो शब्द चालू देत नाही.

"तिन्ही थोडं थोडं," मिलिंद शेवटी म्हणाला.

"मग हा आज बसणार नाही," मी म्हणाले आणि खोका त्याच्याकडे सरकवला.

तो चिडला. चिडणं साहजिक होतं. गाडी सेकंड हॅण्ड असली तरी परदेशी, मोठी, टूरिंगची. टूरिंगची म्हणजे दोन माणसं आणि भरपूर सामान घेऊन लांब पल्ल्याला जायची, मागे ऐसपैस सीट, दोन्ही बाजूंना पेट्या. ती घेण्यासाठी त्याने घरात बरंच ऐकून घेतलं होतं. पहिल्याच मोठ्या फेरीला कसाऱ्याच्या घाटात ती अशी काही वागली की हा पार हादरून गेला. मागच्या सीटवर त्याची आई होती. तेव्हापासून गाडी चाळीखाली कव्हर घालून उभी आणि हा रोज ऑफिसला बसने.

"मॅडम, मी पडलो तर पडलो. पण ती मागे असताना..." तो हळूहळू इथवर चालवत आणलेली गाडी ठेवून गेला आणि खोकाही तिथेच राहिला.

दुपारी आई स्वतः आली.

दारात एक बाई उभी राहिली. साठी उलटून गेलेली, बुटकी, काटक, नऊवारी नव्हे, पंजाबी ड्रेस, आणि या उकाड्यात हातावर चक्क रायडिंग जॅकेट. कोपरांना आणि पाठीला पॅड असलेलं, कोरं करकरीत.

"जय भीम. मी मिलिंदची आई. सुमन. तो गाडी विकतोय ती तू दुरुस्त करणार का?"

"जय भीम मावशी. बसा. आधी कळू दे काय झालंय ते."

"मावशीच म्हण. तीस वर्षं सगळं हॉस्पिटल मावशीच म्हणायचं." ती स्टुलावर बसली. परळच्याच एका मोठ्या हॉस्पिटलात तिने आयाची नोकरी केली होती, वॉर्डातून एक्स-रेला आणि तिथून ऑपरेशनला पेशंट न्यायचं काम. "हे जॅकेट मी माझ्या पेन्शनमधनं घेतलंय. मला नागपूरला जायचंय, दीक्षाभूमीला. एकदाच गेले होते, दसऱ्याच्या गर्दीत. लोकांच्या पाठी बघून परत आले. आता थंडीत, गर्दी नसताना जायचंय. आत जाऊन निवांत बसायचंय."

"ट्रेन आहे की, मावशी."

"ट्रेन आहे, माहिताय मला. पोरगी पण तेच म्हणते." तिने जॅकेट मांडीवर नीट घडी करून ठेवलं. "आयुष्यभर दुसऱ्यांना स्ट्रेचरवर घालून ढकललं. आता मला कुणीतरी बसवून नेऊ दे. तो तयार होता. आता घाबरलाय. मी नाही घाबरले, पण माझं कोण ऐकतंय?"

मला ती त्या क्षणी आवडली, हे सांगून टाकते. गिऱ्हाईक आवडणं धंद्याला बरं नसतं. हो म्हणायचा मोह होतो.

मी तिला तेच तीन शब्द विचारले. मिलिंदसारखी ती अडली नाही.

"लचकते," ती म्हणाली. "स्ट्रेचरची कंबर सैल झाली की कशी करते तशी. पुढचा भाग वळला, मागचा अजून सरळच चाललाय. मग एकदम झटका देऊन मागून येतो."

"आणि हॅण्डल?"

"हॅण्डल मला काय दिसतंय? मला त्याची पाठ दिसते. आधी माझी सीट सरकली, मग त्याचे खांदे वर गेले."

"मग हॉस्पिटलात काय करायचात?"

"आम्ही बँडेजच्या पट्टीने सांधा आवळून बांधायचो. तसं तू लोखंडाचं काहीतरी घालून आवळून टाक. वेल्डिंग कर. झालं."

रोगाबद्दल ती बरोबर असावी असं मला वाटलं. औषधाबद्दल ती साफ चुकत होती. पण दोन्ही गोष्टी वाटण्यावर सोडायच्या नसतात.

मी दुसऱ्या दिवशी मिलिंदला रजा टाकायला लावली. पेट्यांमध्ये नागपूरला न्यायचं तेवढं सामान भरलं, टायरची हवा बघितली आणि त्याला म्हणाले, "चालव तू. मी मागे बसते."

माझा जुना मेकॅनिक दत्ताराम मालवणचा. तो बोलण्यात काटकसर करत नाही. "बाय, मागे कित्याक बसतस? गाडी चालवून बघतत, बसून नाय."

पण तक्रार मागच्या सीटची होती. चालवणाऱ्याच्या हातात हॅण्डल असतं, त्यामुळे त्याला सगळी दुखणी हॅण्डलमध्येच वाटतात. मागे बसणाऱ्याच्या हातात काहीच नसतं. गाडी जशी आहे तशी त्याला कळते.

शीव सोडलं, ठाणं सोडलं, नाशिकचा रस्ता धरला. नागपूरला समृद्धीने झटकन जाता आलं असतं, पण तिथे दुचाकीला बंदी. म्हणजे जुनाच रस्ता आणि जुनेच घाट. शहापूरपर्यंत गाडी शहाण्यासारखी वागली. कसाऱ्याच्या चढाला, एका लांब उजव्या वळणात, मधेच रस्त्याचा जोड आला. आणि माझ्याखाली सीट सरकली. आडवी, बाजूला. कुणीतरी कंबरेला धरून ढोसावं तशी. त्यानंतर मिलिंदची कोपरं ताठ झाली आणि त्यानंतर हॅण्डल थरथरलं. क्रम असा होता. थरथर होती ती गाडीची कमी आणि मिलिंदच्या मुठींची जास्त.

मी सीटची कड घट्ट धरली, खोटं कशाला सांगू? मी या गाड्या टेस्ट करायचे तेव्हा बंदिस्त ट्रॅक असायचा, समोरून ट्रक येत नसायचा. आणि हाच झटका त्या बाईने खाल्ला होता आणि घरी जाऊन जॅकेट विकत घेतलं होतं.

"आला ना? वॉबल!" मिलिंद वर पोचल्यावर ओरडला.

"लचक," मी म्हणाले. "आणि तो खोका विसर."

"पण हॅण्डल हललं की मॅडम."

"आधी काय हललं? मागचं. तू हॅण्डलला डॅम्पर लावलास की हॅण्डल गप्प बसेल, मागचं चाक बसणार नाही. तुला वाटेल गाडी बरी झाली. मग तू आणखी जोरात घेशील. दुखणं तसंच ठेवून बोंब तेवढी बंद करायची, असलं काम मी करत नाही."

आता ही गाडी का लचकते, ते साध्या भाषेत सांगते. या जातीच्या मोठ्या गाड्यांचं इंजिन फार हादरतं. ते हादरे बसणाऱ्यापर्यंत पोचू नयेत म्हणून इंजिन चासीला थेट बोल्टने आवळत नाहीत, रबराच्या जाड ठोकळ्यांवर बसवतात. चासी म्हणजे गाडीचा सांगाडा. इथवर उत्तम. पण या गाडीत मागचं चाक ज्या दोन हातांनी धरलेलं असतं, ज्याला स्विंगआर्म म्हणतात, ते हात इंजिनच्याच मागच्या भागाला जोडलेले आहेत. म्हणजे इंजिन रबरावर आणि चाक इंजिनवर. रबर म्हातारं झालं की इंजिन वर-खाली तर हलतंच, आडवंही सरकतं. ते सरकलं की मागचं चाक आपल्या मनाने जरासं वळतं. गाडीला मग दोन ड्रायव्हर होतात, एक पुढे मिलिंद आणि एक मागे रबर.

गाळ्यात आल्यावर गाडी उचलून घेतली. दत्तारामने मागचं चाक धरून आडवं हलवलं. मी टॉर्च मारली. चासी जागेवर, इंजिन सरकतंय. उघड्या डोळ्यांना दिसत होतं. रबर काढले तर एकाला आरपार चीर होती.

"ह्येका रबर म्हणत नाय," दत्ताराम म्हणाला. "ह्या खडू आसा."

मिलिंदचा चेहरा उजळला. "म्हणजे रबर बदलले की झालं?"

"बघू," मी म्हणाले. बघू हा माझ्या धंद्यातला सगळ्यात प्रामाणिक शब्द आहे.

रबर बदलले. स्विंगआर्मची बेअरिंग तपासली, ती ठीक होती. दोन्ही चाकं एका रेषेत आहेत की नाही ते सुतळी ताणून बघितलं. चाकं जरा वाकडी होती, सरळ केली. पुन्हा घाट, पुन्हा मी मागे. फरक चांगलाच पडला होता. पण लचक पुरती गेली नव्हती. त्याच वळणाला, त्याच जोडावर सीटने हळूच कूस बदलली.

"मॅडम, ऐंशी टक्के गेलं," मिलिंद म्हणाला. "चालेल आता. मला तर हॅण्डलला काहीच कळलं नाही."

"तुला नाही कळणार. उरलेलं तुझ्या आईच्या वाट्याला आहे."

तो म्हणाला, "मग विकूनच टाकतो. अर्धवट गाडीवर मी तिला नेणार नाही." हेही बरोबरच होतं. गुरुवार उलटला होता आणि गिऱ्हाईक रविवारचं होतं.

नवं रबर झालं तरी ते रबरच. दोन माणसं, भरलेल्या पेट्या आणि घाटाचं वळण एवढं सगळं एकदम आलं की ते दबणारच. अशा वेळी जी वस्तू लागते तिला चासी स्टॅबिलायझर म्हणतात. नाव ऐकून सुमनमावशी नंतर म्हणाली, "तो तर आमच्या फ्रिजला आहे." हा तो नव्हे. हा एक छोटा, जाड दांडा. एक टोक इंजिनला, दुसरं टोक चासीला, गाडीच्या पोटाखाली आडवा बसतो.

मग मावशीचं वेल्डिंग काय वाईट? वेल्डिंग नको, हे तिला पटेना. शुक्रवारी ती जॅकेट घेऊन पुन्हा हजर झाली आणि मिलिंदही तिच्याच बाजूचा. त्याच्या कुणा मित्राने फॅब्रिकेटरकडून सरळ लोखंडी पट्टी मारून घेतली होती आणि तो म्हणे मजेत फिरतोय. दोघंही मला ऐकवायला लागले. मी वाद घातला नाही. दत्तारामला म्हणाले, "एक पट्टी लाव दोन बोल्टने, घट्ट. मावशी, बसा सीटवर."

दत्तारामने गाडी चालू केली.

मावशीचा चष्मा आधी नाकाच्या शेंड्यावर आला. मग तिने तोंड घट्ट मिटून घेतलं. मग हात वर करून खूण केली. इंजिन बंद झाल्यावर ती म्हणाली, "काढ ते. माझे दात वाजायला लागले."

"नागपूरपर्यंत वाजले असते."

"स्ट्रेचरवरचे पेशंट पण ओरडायचे," ती विचार करत म्हणाली. "आम्हाला वाटायचं दुखतंय म्हणून ओरडतायत."

तिला आणि मिलिंदला मी एक गंमत करायला सांगितली. तुम्हीही करून बघा. भिंतीपासून हातभर दूर, भिंतीला बाजू देऊन उभे राहा. हात आडवा ताठ करून तळवा भिंतीला टेकवा. कोपर वाकवायचं नाही. आता गुडघ्यात वाकून थोडं वर-खाली व्हा. जमतं, कारण खांदा आणि मनगट फिरतात. आता भिंतीकडे सरकायचा प्रयत्न करा. जमत नाही. चांगला स्टॅबिलायझर म्हणजे हा हात. दोन्ही टोकांना गोल फिरणारे सांधे, बॉल जॉइंट. इंजिनला वर-खाली हादरायला मोकळीक, आडवं सरकायला मज्जाव. रबराचं काम रबराने करायचं, दांड्याचं दांड्याने.

दोघं मायलेक भिंतीला हात लावून वर-खाली होत होते. दत्ताराम दुसरीकडे तोंड करून हसत होता.

आता योग्य वस्तू निवडायची. मी गाडीखाली आडवी पडून पुठ्ठ्याचा साचा कापला. कुठले बोल्ट मोकळे आहेत, सायलेन्सरचा पाइप कुठून जातो, ऑइल फिल्टर काढताना आड काय येईल, सगळं त्यावर खुणा करून घेतलं आणि ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात गेले. मिलिंद सोबत आला. एका ओळखीच्या दुकानदाराने काउंटरवर तीन मांडले.

पहिला अॅल्युमिनियमचा, आरशासारखा. "मॅडम, एक नंबर पीस. क्या चमकता है."

"शेठ, ये पेट के नीचे लगेगा. वहाँ कौन देखेगा?"

मिलिंदच्या हातात तोच होता. माझा आक्षेप चमकण्याला नव्हता. तो चासीच्या बारीक नळीला क्लॅम्पने धरणारा होता. जोर आला की क्लॅम्प सरकणार नाहीतर नळी चेपणार. ज्याला धरायचं तोच खांब लेचापेचा असला तर धरून उपयोग काय? दुसऱ्यासाठी चासीला ब्रॅकेट वेल्ड करावं लागलं असतं. मी गिऱ्हाईकाच्या चासीला वेल्डिंगची ठिणगी लागू देत नाही. त्या उष्णतेने लोखंडाचा तिथला कस जातो आणि बदललेल्या सांगाड्याची भानगड कागदोपत्री वेगळीच. तिसरा काळा, पोलादी, दिसायला दाराच्या कडीसारखा. तो इंजिनच्या मूळच्याच बोल्टांवर बसत होता आणि दुसरीकडे चासीच्या जाड आडव्या पट्टीला धरत होता. लांबी पेच फिरवून कमी-जास्त करता येत होती. आणि बॉल जॉइंटवर रबरी टोप्या होत्या. या शेवटच्या गोष्टीला हसू नका. आपल्या हवेत मीठ आहे. उघडा बॉल जॉइंट मुंबईत एक पावसाळा काढतो आणि मग कुरकुरायला लागतो. फिरणारा सांधा गंजून अडकला की त्याची फॅब्रिकेटरची पट्टीच झाली.

मी पुठ्ठा त्याच्यावर ठेवला. भोकं जुळली. एका कोपऱ्याला पाइपशी करंगळी जाईल एवढीच फट राहत होती. मी करंगळी घालून बघितली आणि म्हणाले, "हा."

"मॅडम, पण हा जुन्या मॉडेलचा आहे," मिलिंद डब्यावरचं वाचत म्हणाला.

"गाडी डबा वाचत नाही."

शनिवारी सकाळी बसवला. इथेही एक मेख आहे. लिफ्टवर उचललेल्या गाडीला हा बसवायचा नाही, कारण लटकलेल्या गाडीत इंजिन वेगळ्या जागी असतं. गाडी जमिनीवर, दोन चाकांवर हवी आणि ज्या ओझ्याने चालणार ते ओझं वर हवं. म्हणून पेट्या भरल्या, मिलिंदला पुढे बसवलं आणि मावशीला मागे. ती जॅकेट घालून बसली. जागच्या जागी उभ्या गाडीवर, हेल्मेटसकट.

मी खाली आडवी होऊन पेच फिरवत होते. थोडा लांब, थोडा आखूड. बोल्ट भोकात अडकत होता. दत्ताराम पाना घ्यायला गेला होता. मिलिंद वरून वाकला आणि बाजूच्या रॅकमधली हातोडी मला देऊ लागला.

"ठेव ती," मी म्हणाले. "बोल्ट बोटांनी आत गेला पाहिजे. हातोडीने गेला तर त्याचा अर्थ दांडा इंजिनला ढकलतोय. मग हादरे परत येतात आणि मावशीचे दात."

"हातोडी ठेव रे," मावशी वरून म्हणाली.

आणखी थोडा पेच फिरवला आणि बोल्ट सुईत दोरा जावा तसा सरकला. मी तिथेच पडून जरा वेळ श्वास घेतला. बरं वाटलं. इतकी वर्षं झाली, तरी त्या क्षणाला अजून बरं वाटतं.

दुपारी पुन्हा कसारा. मी मागे. तेच वळण, तोच जोड. मी सीट सरकायची वाट बघत होते. चाकाने जोड खाल्ला, धक्का खालून वर आला आणि गेला. सीट जागेवर. मी त्याला पुढून वळून परत यायला लावलं. पुन्हा गेलो. मग आणखी एकदा. मिलिंदची कोपरं मात्र प्रत्येक वेळी त्या वळणाआधी ताठ व्हायची.

परत आलो तेव्हा मावशी स्टुलावर बसून होती. मी मान डोलावली. ती पोराकडे बघत राहिली.

"गाडी बरी झालीय," मिलिंद म्हणाला. हेल्मेट त्याच्या हातातच होतं. "पण आई, खरं सांगू? माझी भीती नाही गेली. तू मागे बसलीस की मला तोच घाट दिसेल. उद्या तो माणूस येतोय, मी त्याला हो म्हणून बसलोय."

मी मध्ये पडले नाही. चासीचं मला कळतं. मायलेकाच्या सांध्यांना मी हात लावत नाही.

मावशी उठली, जॅकेटची चेन वरपर्यंत लावली. "मिलिंद, ऑपरेशनला नेताना सगळे पेशंट घाबरलेले असायचे. एकालाही मी म्हणाले नाही की घाबरू नको. म्हणायचे, घाबर, पण चल. तुझी भीती तुझ्याकडे ठेव. मला मागची सीट दे."

तो बराच वेळ हेल्मेटच्या काचेवरचा डाग पुसत राहिला. डाग नव्हता. मग त्याने फोन काढला आणि दाराशी जाऊन त्या गिऱ्हाईकाला सांगितलं की गाडी विकायची नाही. परत आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. त्याने ते लपवले नाहीत आणि आम्हीही दुसरीकडे बघितलं नाही.

थंडीत ते निघाले. मी मिलिंदला सांगून ठेवलं होतं, सावकाश जा, वाटेत मुक्काम कर, रोज सकाळी हवा बघ. त्याने रोज सकाळी मला हवेचा आकडा पाठवला, शब्द न् शब्द टाइप करणाऱ्या माणसाच्या शिस्तीने. मी उत्तर दिलं नाही, पण मेसेज येईपर्यंत चहाला हात लावत नव्हते.

नागपूरहून मावशीचाच फोन आला.

"आत जाऊन बसले पोरी. घुमटाखाली. मध्ये कुणाची पाठ नाही, काही नाही. किती वेळ बसले कुणास ठाऊक. हा बाहेर गाडीजवळ उभा."

मी धंद्याचं विचारलं. "गाडी कशी आहे?"

"लचकत नाही. डोलत नाही. थरथरतो तो एकटा मिलिंद. पण आणलंन मला."

तो डॅम्पर मिलिंदने परत नेलाच नाही. ऑनलाइनवाले परत घेईनात. दत्तारामने तो आमच्या ऑफिसच्या दाराला लावला, जे गेली कित्येक वर्षं आपटत होतं. आता आपटत नाही. त्या दाराचं दुखणं आपटण्याचंच होतं.